ठसका लागायलाच हवा

28 जानेवारी 1848. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलजवळच्या विन्लटन गावात हॅना ग्रीनर या 15 वर्षांच्या मुलीच्या पायाच्या बोटाचं नख काढायचं होतं. क्लोरोफॉर्मने माणसाला भूल देता येते, हे एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्प्सन यांनी दाखवून दिल्याला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. डॉक्टरांनी क्लोरोफॉर्म टाकलेलं फडकं तिच्या नाकाशी धरलं. नख काढायला सुरुवात झाली, तिने एकदा पाय झटकला आणि पाहता पाहता तिचे ओठ पांढरे पडले. घाबरलेल्या डॉक्टरांनी तिच्या चेहऱ्यावर पाणी मारलं, तोंडात पाणी घातलं, मग थोडी ब्रँडीही ओतली. काही मिनिटांतच ती गेली. क्लोरोफॉर्मच्या अमलाखाली झालेला हा पहिला नोंदलेला मृत्यू.

तिला कशाने मारलं, यावर मोठा वाद झाला. क्लोरोफॉर्ममुळे हृदय बंद पडलं, असं लंडनचे जॉन स्नो म्हणाले. सिम्प्सन यांचं म्हणणं वेगळं होतं: शुद्ध हरपलेल्या मुलीच्या तोंडात पाणी आणि ब्रँडी ओतली, तिला ती गिळता आली नाही आणि त्यातच तिचा श्वास गुदमरला. वाद शेवटपर्यंत मिटला नाही. क्लोरोफॉर्म सिम्प्सन यांनीच पुढे आणलेलं असल्याने ते त्याची बाजू घेणार हे उघड होतं, पण त्यांनी दाखवलेला धोका मात्र शंभर टक्के खरा आहे. शुद्धीवर असलेल्या माणसाच्या घशात पाण्याचा एक थेंब भलतीकडे गेला तरी तो खोकून खोकून लाल होतो. शुद्ध हरपलेल्या माणसाचा घसा तेच पाणी मुकाट्याने फुप्फुसात जाऊ देतो. आपल्याकडेही चक्कर येऊन पडलेल्याच्या तोंडात पाणी घालायला कुणीतरी तांब्या घेऊन धावतंच. ते करू नये, ते याचसाठी.

मुळात ही अडचण शरीराच्या रचनेतच आहे. नाक वर, तोंड त्याच्या खाली. पण खाली उतरताना श्वासनलिका पुढे येते आणि अन्ननलिका मागे जाते. म्हणजे हवेचा आणि अन्नाचा रस्ता घशात एकमेकांना छेदतो. आपण गिळतो तो प्रत्येक कण श्वासनलिकेच्या तोंडावरून जातो, ही गोष्ट किती विचित्र आहे, याची नोंद डार्विननेही 1859च्या आपल्या ग्रंथात केली होती. कोकण रेल्वेच्या एकेरी मार्गावर एक गाडी स्टेशनात थांबवून ठेवल्याशिवाय समोरची सोडता येत नाही, तसंच इथे आहे. घास जायचा तर श्वास थांबायलाच हवा. माणूस दिवसातून साधारण 500 ते 700 वेळा गिळतो. त्यातल्या बऱ्याचशा वेळा जेवणाच्या नसतातच, नुसती लाळ गिळण्याच्या असतात. आणि इतक्या वेळा ही अदलाबदल आपल्या नकळत बिनचूक पार पडते.

ती कशी होते हे बोटाने अनुभवता येतं. कंठमण्यावर दोन बोटं हलकेच ठेवून आवंढा गिळावा. कंठमणी झटकन वर आणि किंचित पुढे सरकतो, क्षणभर तिथे थांबतो आणि पुन्हा खाली येतो. हे सरकणारं म्हणजे अख्खं स्वरयंत्र. ते वर-पुढे ओढलं गेलं की जिभेच्या मुळाच्या आडोशाला जातं, आणि त्याच ओढीने मागच्या अन्ननलिकेचं तोंड उघडायला मदत होते. त्याच वेळी मऊ टाळू वर उचलला जाऊन नाकाचा मार्ग बंद होतो. स्वरयंत्राच्या आत एकाखाली एक तीन बंदोबस्त होतात: सर्वांत खाली खरे स्वरतंतू जुळतात, त्यांच्यावरचे खोटे स्वरतंतू जवळ येतात आणि वरच्या तोंडाशी मागच्या कूर्चा पुढे झुकून एपिग्लॉटिस या पानासारख्या झाकणाला टेकतात. एपिग्लॉटिस मागे कलंडतं. श्वास थांबतो. घशातला हा सगळा प्रकार जेमतेम एका सेकंदात उरकतो.

श्वास कुठल्या क्षणी थांबावा, हेही ठरलेलं असतं. बहुतेक वेळा आपण उच्छ्वास चालू असताना मध्येच गिळतो आणि गिळून झाल्यावर उरलेला उच्छ्वास पूर्ण करतो. त्यामुळे स्वरयंत्राच्या तोंडाशी काही कण रेंगाळले असतील तर ते बाहेर लोटले जातात. गिळल्या गिळल्या श्वास आत घेतला तर तेच कण आत ओढले जातील. धाप लागलेल्या माणसाची ही लय बिघडते. दम्याच्या किंवा फुप्फुसाच्या जुन्या आजाराच्या रुग्णाला घाईघाईने भरवू नये, असं डॉक्टर सांगतात त्यामागे हे कारण आहे.

शाळेच्या पुस्तकात सगळं श्रेय एपिग्लॉटिसला मिळतं. ते काही पूर्ण खरं नाही. फ्रान्समधले शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्रांस्वा माजांदी यांनी 19व्या शतकाच्या सुरुवातीलाच कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं होतं, की एपिग्लॉटिस काढून टाकलं तरी प्राणी गिळू शकतो. कर्करोगामुळे एपिग्लॉटिस गमावलेली माणसंही शिकवल्यावर पुन्हा जेवू लागतात. श्वास रोखून धरायचा, गिळायचं आणि लगेच खोकायचं, असं त्यांना शिकवतात. खरी भिस्त स्वरतंतू जुळण्यावर आणि स्वरयंत्र वर उचललं जाण्यावर आहे. आपण ज्याला आवाजाचं यंत्र म्हणतो, त्याचं सर्वांत जुनं काम फुप्फुसाचं दार सांभाळण्याचं आहे. बोलणं आणि गाणं त्यावर फार नंतर आलं.

दार सांभाळायचं तर कोण आलं हे कळायला हवं. स्वरतंतूंच्या वरच्या भागातलं अस्तर शरीरातल्या अतिशय संवेदनशील जागांपैकी एक आहे. तिथला स्पर्श, पाणी, आम्ल यांची वर्दी व्हेगस मज्जातंतूची एक शाखा मेंदूच्या बुंध्याकडे नेते. ही वर्दी किती मोलाची आहे, हे अमेरिकेत 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून दिसलं. निरोगी स्वयंसेवकांमध्ये ही शाखा दोन्ही बाजूंनी इंजेक्शनने तात्पुरती बधिर केली. स्नायूंना हुकूम पोहोचवणाऱ्या तारा शाबूत होत्या, बधिर होती ती फक्त जाणीव. तरीही त्या धडधाकट माणसांना गिळणं जड जाऊ लागलं, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटू लागलं, आणि पाणी स्वरयंत्रात, काही वेळा त्याच्याही खाली उतरू लागलं. घसा जेवढा स्नायूंवर चालतो, तेवढाच जाणिवेवर चालतो.

हुकूम नेणाऱ्या तारेची गोष्टही सांगण्यासारखी आहे. स्वरतंतू हलवणारा मज्जातंतू मेंदूकडून सरळ घशात येत नाही. तो आधी छातीत उतरतो, डाव्या बाजूचा तर हृदयातून निघणाऱ्या महाधमनीला खालून वळसा घालून पुन्हा मानेत चढतो. म्हणून छातीतल्या एखाद्या गाठीचा पहिला पुरावा कधी कधी घशात दिसतो: आवाज बसतो, खोकल्यातला जोर जातो आणि पाणी पिताना वारंवार ठसका लागू लागतो. तीन आठवड्यांहून जास्त काळ आवाज बसलेला असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जायला सांगतात, ते उगाच नाही.

एवढ्यातूनही काही निसटलंच, तर खोकला आहे. आधी खोल श्वास आत घेतला जातो. मग स्वरतंतू घट्ट मिटतात आणि सुमारे 0.2 सेकंद पोटाचे, छातीचे स्नायू आतल्या हवेला दाबत राहतात. छातीतला दाब पाऱ्याच्या 100 मिलिमीटरपर्यंत किंवा त्याहूनही वर जातो. आणि मग स्वरतंतू एकदम उघडतात. सुटलेल्या हवेचा वेग ताशी 100 किलोमीटरच्या वर जातो, असं शरीरशास्त्राची पाठ्यपुस्तकं सांगतात. श्वासनलिकेचे जिथे दोन फाटे होतात, ती जागा खोकल्याच्या बाबतीत फार हळवी आहे; तिथे तुसाएवढं काही टेकलं तरी हा सगळा दारूगोळा उडतो.

खोकल्याची ठिणगी नुसत्या स्पर्शाने पडते असं नाही. मिरचीची फोडणी बसली की स्वयंपाकघरातून ठसका ओटीपर्यंत येतो. मिरचीतलं कॅप्सेसिन हवेतून श्वासमार्गात पोहोचतं आणि तिथल्या मज्जातंतूंवरच्या एका विशिष्ट ग्राहक प्रथिनाला चिकटतं. हे प्रथिन एरवी भाजणारी उष्णता ओळखण्याचं काम करतं, त्यामुळे मेंदूला वाटतं की आत आग लागली. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने 1997 साली ते शोधून काढलं आणि 2021च्या नोबेल पुरस्कारात त्या शोधाला मान मिळाला. कानात काडी घातली की काही जणांना खोकला येतो, तोही याच व्हेगसचा खेळ आहे. त्याची एक बारीक फांदी कानाच्या आतल्या त्वचेपर्यंत जाते, आणि तिथून आलेली वर्दी मेंदू घशातूनच आली असं समजतो.

घशात बोट गेलं की येणारा उमासा मात्र लोकांना वाटतो तेवढा भरवशाचा नाही. निरोगी माणसांपैकी जवळपास एक तृतीयांश जणांना तो येतच नाही, आणि ती माणसं आयुष्यभर बिनधोक जेवतात. म्हणून घशात चमचा घालून उमासा तपासला आणि तो आला, एवढ्यावर रुग्णाला तोंडाने पाणी द्यायला हरकत नाही असं ठरवता येत नाही.

तान्ह्या बाळाचा घसा वेगळा असतो. त्याचं स्वरयंत्र मानेत खूप वर असतं, जवळजवळ मऊ टाळूला भिडलेलं. नाकातून श्वास चालू ठेवून दूध ओढण्याची सांगड त्याला त्यामुळे जमते. पण स्वरयंत्रात काही गेलंच, तर बाळ मोठ्या माणसासारखं जोरात खोकेलच असं नाही. त्याचा श्वास काही क्षण थांबतो, हृदयाचे ठोके मंदावतात, रंग निळसर होतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हे जास्त दिसतं. बोंडल्याने दूध किंवा औषध पाजताना बाळाला मांडीवर सपाट आडवं टाकून, नाक दाबून घशात ओतण्याची जी रीत काही घरांत अजून आहे, ती सोडलेलीच बरी. बाळाचं डोकं वर उचललेलं हवं, धार बारीक हवी आणि बाळ गिळेपर्यंत थांबायला हवं.

रांगत्या-चालत्या मुलांमध्ये भारतातला सर्वांत मोठा गुन्हेगार शेंगदाणा आहे. समोरचे दात आलेले असतात, दाणा फुटतो. दाढा नसतात, त्यामुळे तो चावून बारीक होत नाही. हसताना, रडताना, पळताना मूल एकदम श्वास घेतं आणि दाणा आत ओढला जातो. उजवी मुख्य श्वासवाहिनी डावीपेक्षा रुंद आणि सरळ असल्याने मोठ्यांमध्ये तरी बाहेरची वस्तू बहुधा तिकडेच जाते. 1897 साली जर्मनीतल्या फ्रायबुर्गला गुस्ताव किलियन यांनी नळी घालून श्वासवाहिनीतून पहिल्यांदा वस्तू बाहेर काढली, ती एका शेतकऱ्याच्या उजव्याच बाजूला अडकलेलं डुकराचं हाड होतं. शेंगदाण्याची आणखी एक खोड म्हणजे तो आत गेल्यावर फुगतो, त्याच्या तेलाने वाहिनीला सूज येते. सुरुवातीचा ठसका थांबला की घरच्यांना वाटतं, गेलं ते निघून. पुढे आठवडाभर खोकला, एका बाजूच्या छातीत शिट्टीसारखा आवाज, न हटणारा ताप असं असेल, तर तो ठसका डॉक्टरांना आठवणीने सांगायला हवा.

ठसका लागला की आपल्याकडे पहिला उपाय ठरलेला: ‘वर बघ, वर बघ’, आणि डोक्यावर थापट्या. माया त्यात असते, उपयोग नसतो. मान मागे टाकली की गिळताना दार राखणं उलट अवघड जातं. माणूस स्वतः जोरात खोकत असेल तर त्याला पुढे वाकू द्यावं, खोकू द्यावं, पाणी पाजू नये. त्याच्या खोकल्याइतकं दुसरं काहीच परिणामकारक नाही. खोकला बंद पडला, आवाज फुटेना, श्वास येईना, तर मात्र क्षणही दवडू नये: पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा, आणि तेवढ्याने निघालं नाही तर मागून मिठी घालून बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर असे झटके, पुन्हा थापा. हेन्री हाइमलिक यांनी 1974 साली मांडलेले हे झटके म्हणजे फुप्फुसात उरलेल्या हवेचा उपयोग करून बाहेरून आणलेला खोकला. एक वर्षाखालच्या बाळाला पोटावर झटके देत नाहीत. त्याला पालथं, डोकं खाली करून पाठीवर थापा आणि मग उताणं करून छातीच्या मध्यावर दाब देतात. घशात आंधळेपणाने बोट घालू नये, वस्तू आणखी खाली जाते.

भूल देणाऱ्यांना हॅना ग्रीनरनंतरही हा धडा जड गेला. न्यूयॉर्कमधल्या एका प्रसूती रुग्णालयातले डॉक्टर कर्टिस मेंडेलसन यांनी 1932 ते 1945 या काळातल्या 44,016 बाळंतपणांच्या नोंदी तपासल्या. त्यांतल्या 66 बायकांच्या फुप्फुसात भूल असताना पोटातलं अन्न किंवा पाणी उतरलं होतं, आणि घन अन्नामुळे गुदमरून दोघी दगावल्या होत्या. सशांवर प्रयोग करून त्यांनी दाखवलं, की पातळ पदार्थ आत गेल्यावर फुप्फुस जाळतं ते जठरातलं आम्ल. 1946च्या या लेखानंतर भूल देण्याची पद्धत बदलली. आज मोठ्या ऑपरेशनआधी घन अन्न किमान 6 तास, आईचं दूध 4 तास आणि साधं पाणी 2 तास बंद ठेवायला सांगतात. सकाळी ऑपरेशन आणि घरच्या कुणीतरी मायेपोटी दुधाचा चहा अर्धा कप पाजला, असं आजही घडतं, आणि भूलतज्ज्ञ ऑपरेशन पुढे ढकलतात तेव्हा नातेवाईक चिडतात. भूल दिल्यावर तो अर्धा कप वर आला तर घसा त्याला अडवणार नाही, एवढं सगळ्या घराला माहीत असायला हवं.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते म्हाताऱ्या माणसांच्या घशाकडे. अर्धांगवायूचा झटका आलेल्या रुग्णांपैकी सुरुवातीच्या दिवसांत जवळपास निम्म्यांना गिळायला त्रास होतो. त्यांतल्या काहींना पाणी फुप्फुसात जातं आणि ठसकाच लागत नाही. बेरियम मिसळलेलं पाणी पाजून एक्स-रेच्या पडद्यावर पाहिलं तर काळी धार स्वरतंतूंच्या खाली उतरताना स्पष्ट दिसते, आणि समोर बसलेला माणूस शांतपणे पुढचा घोट मागत असतो. नातेवाईक सांगतात, ‘ठसका वगैरे काही लागत नाही, नीट खातात.’ काही दिवसांनी न्यूमोनिया होतो. या माणसांच्या बाबतीत ठसका न लागणं हीच काळजीची खूण असू शकते.

यावर सर्वांत चिकाटीचं काम जपानमध्ये झालं. सेंडाईच्या तोहोकू विद्यापीठातल्या डॉक्टरांनी 1990 साली दाखवलं, की असा न्यूमोनिया झालेल्या वृद्धांची खोकल्याची प्रतिक्षिप्त क्रिया अतिशय क्षीण झालेली असते. घशातल्या मज्जातंतूंमध्ये ‘सब्स्टन्स पी’ नावाचं रसायन कमी पडतं, हे एक कारण पुढे आलं. रक्तदाबाची एनालाप्रिल, रामिप्रिल यांसारखी औषधं घेणाऱ्या काहींना कोरडा खोकला छळतो, त्याचं एक कारण म्हणजे त्या औषधांनी हेच रसायन साचतं. त्याच विद्यापीठातल्या अभ्यासांत काळ्या मिऱ्याच्या तेलाचा वास दिल्यावर वृद्धांचं गिळणं लवकर सुरू होऊ लागलं. अंगाच्या तापमानाएवढं कोमट पाणी मात्र घशाला सर्वांत उशिरा जाणवतं, असंही दिसलं. आजाऱ्याला आपण हमखास कोमटच पाणी देतो, तेव्हा हे लक्षात ठेवण्याजोगं आहे.

सगळ्यात साधा उपाय तोंड स्वच्छ ठेवण्याचा. झोपेत थोडी लाळ फुप्फुसात उतरणं निरोगी माणसातही होतं. खोकला आणि श्वासवाहिन्यांतले सूक्ष्म केस ती परत वर ढकलतात. अशक्त माणसात ती तिथेच राहते, आणि तोंड अस्वच्छ असेल तर जंतूंसकट राहते. जपानमधल्या 11 वृद्धाश्रमांत दोन वर्षं चाललेल्या अभ्यासात, प्रत्येक जेवणानंतर ज्यांचं तोंड घासून दिलं त्यांच्यात न्यूमोनियाचं प्रमाण 11 टक्के होतं, इतरांत 19 टक्के. कवळी लावणारी माणसंही त्यात होती.

घरात कुणी झटक्यातून उठलेलं, पार्किन्सनचं किंवा विस्मरणाचं माणूस असेल, तर त्याला अंथरुणावर पडल्या पडल्या भरवू नका. पाठ टेकवून सरळ बसवा, हनुवटी किंचित खाली असू द्या, घास लहान ठेवा, एक गिळल्याशिवाय दुसरा देऊ नका, आणि जेवण झाल्यावर अर्धा तास तरी बसलेलंच राहू द्या. पाण्यासारखा पातळ पदार्थ घशात सर्वांत वेगाने घसरतो, त्यामुळे वरणापेक्षा पाण्याचा धोका जास्त, हे ध्यानात घ्या. भरवताना टीव्ही बंद असू द्या. जेवणानंतर आवाज घशात पाणी साठल्यासारखा ओला येत असेल, जेवणाला तासन्‌तास लागत असतील, वजन उतरत असेल किंवा ताप पुन्हा पुन्हा येत असेल, तर ठसक्याची वाट न पाहता गिळण्याची तपासणी करून घ्या. वाचेचे आणि गिळण्याचे उपचार करणारे तज्ज्ञ आता मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत आहेत. डॉक्टरांनी आपणहून नाव काढलं नाही, तर तुम्ही विचारा.